माराकाना: दोन लाखांचं मैदान आणि त्यातली उभ्याची जागा

पायरीवरचा

रिओ दी जानेरोतल्या माराकाना या फुटबॉल मैदानाचं नाव काढलं की गाडी हटकून १६ जुलै १९५०वर जाते. विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यात ब्राझील उरुग्वेकडून हरला, गिजियाचा गोल, दोन लाख माणसं चिडीचूप. मीही वर्षानुवर्षं तेवढंच सांगत आलो. पण जुन्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहताना माझा डोळा दुसरीकडेच अडकायला लागला. हिरवळ आणि बसायच्या जागा यांच्यामध्ये, अगदी खाली, एक उघडा पट्टा दिसतो आणि त्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. त्याला तिथे 'जेराल' म्हणत. जेराल म्हणजे सर्वसाधारण, सगळ्यांसाठीची जागा. सर्वांत स्वस्त तिकीट तिथलं. हा धागा मी त्या पट्ट्यासाठी काढतोय. पण आधी मैदान कसं उभं राहिलं ते सांगतो, कारण ही जागा काही चुकून उरलेली नव्हती.

१९४६ साली फिफाने पुढचा विश्वचषक ब्राझीलला दिला. रिओ दी जानेरो तेव्हा देशाची राजधानी होती. मैदान कुठे आणि केवढं बांधायचं यावरून शहरात रान पेटलं. नगरसेवक कार्लोस लासेर्दा यांचं म्हणणं होतं की एवढा पैसा दवाखान्यांना आणि शाळांना द्या, आणि बांधायचंच असेल तर दूर जाकारेपाग्वाला लहानसं बांधा. त्यांच्या विरोधात उभे राहिले पत्रकार मारिओ फिल्यो. 'जोर्नाल दोस स्पोर्ट्स' हे क्रीडा दैनिक त्यांच्या हातात होतं आणि त्यातून त्यांनी हा लढा चालवला. मैदान मोठं हवं, शहराच्या आत हवं आणि उत्तरेकडच्या कामगार वस्त्यांतल्या माणसाला तिथे सहज पोचता आलं पाहिजे. नगरसभेत त्यांची बाजू आरी बारोसो यांनी लावून धरली. संगीतकार, रेडिओवरचे समालोचक आणि नगरसेवक, असं तिन्ही असलेला माणूस. शेवटी जागा ठरली ती घोड्यांच्या शर्यतींच्या जुन्या डर्बी क्लबची, रेल्वेमार्गाला लागून, माराकाना नावाच्या छोट्या नदीजवळ. (माराकाना हा तुपी भाषेतला शब्द, एका जातीच्या पोपटाचं नाव.) पैसा उभा करायला आतल्या खुर्च्या लोकांना कायमच्या हक्काने आगाऊ विकल्या. म्हणजे वर खुर्चीचे मालक आणि खाली उभ्याचे धनी, हे दोघेही पहिल्या दिवसापासून हिशेबात होते.

२ ऑगस्ट १९४८ला काम सुरू झालं. स्पर्धेला पुरती दोन वर्षंही नव्हती. काम रखडतंय म्हणताना फिफाने इटलीच्या ओत्तोरिनो बारासी यांना मदतीला पाठवलं. १६ जून १९५०ला उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी रिओ विरुद्ध साओ पावलो असा सामना. मैदानावरचा पहिला गोल रिओच्या दिदीचा, सामना मात्र साओ पावलोने ३-१ असा जिंकला. २४ जूनला ब्राझीलने मेक्सिकोला ४-० हरवलं तेव्हाही बांधकामाच्या खुणा जागोजागी होत्या. पूर्णपणे तयार व्हायला १९६५ उजाडलं!

आता जेराल. सगळ्यांत खालचं वर्तुळ. वर छप्पर नाही, बसायला पायरी नाही. पाऊस आला की अंगावर, ऊन आलं की डोक्यावर. मैदानाच्या आणि त्यांच्या मध्ये खंदक. डोळ्यांची पातळी इतकी खाली की पलीकडच्या बाजूला चेंडू गेला की खेळाडूंचे पाय दिसायचे आणि बाकीचं अंदाजाने समजून घ्यायचं. म्हणून बरेच जण कानाला छोटा रेडिओ लावून उभे. डोळ्यांसमोर घडणारा सामना ते कानांनी पूर्ण करत. या माणसांना नाव पडलं 'जेराल्दिनो', आणि वरच्या काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांना 'आर्किबाल्दो'. कुणी सोंग घेऊन येई, कुणी देवाची मूर्ती उराशी धरून, आणि टीव्हीचे कॅमेरे गोल झाला की आधी तिकडे वळत.

२००५च्या एप्रिलमध्ये जेराल बंद झालं. २००७च्या पॅन अमेरिकन स्पर्धेसाठी मैदानाची पातळी खाली नेली आणि त्या पट्ट्यात खुर्च्या बसवल्या. माझं म्हणणं सरळ आहे: माराकानाच्या इतिहासातली सर्वांत मोठी हार १९५०ची नाही, २००५ची आहे. १९५०ला सामना हरला, तो पुढे भरून निघाला. २००५ला मैदान ज्यांच्यासाठी मागितलं होतं तेच बाहेर गेले.

पटत नसेल तर जरूर खोडून काढा. मला या विषयावर खरोखर बोलायचंय.

रेषेवरची

जेरालबद्दल इतकं जवळून मराठीत वाचायला मिळालं नव्हतं. पण "१९५०ची हार भरून निघाली" या वाक्यापाशी मी अडले. देशाची निघाली असेल. त्या दिवशीच्या गोलरक्षकाची, मोआसिर बार्बोसाची, नाही निघाली.

तो सामना म्हणजे नेहमीसारखी अंतिम फेरी नव्हती, चार संघांच्या गटातला शेवटचा सामना होता. ब्राझीलने आधी स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असं लोळवलं होतं. बरोबरी झाली असती तरी विश्वचषक त्यांचाच. सामन्याआधी महापौर मेन्देस दे मोराइस यांनी भाषणात खेळाडूंना विजेते म्हणून सलामही ठोकला. तिकिटं काढून आलेले १,७३,८५०. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास, म्हणजे रिओतल्या दर बारा माणसांमागे एक जण त्या दुपारी त्या काँक्रीटमध्ये होता.

४७व्या मिनिटाला ब्राझीलच्या फ्रियासाचा गोल. तो झाल्यावर उरुग्वेचा कप्तान ओब्दुलिओ व्हारेला चेंडू काखेत घेऊन इंग्लिश पंचांशी वाद घालत बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्याला वाद जिंकायचाच नव्हता, आरडाओरडा थंड होईपर्यंत वेळ काढायचा होता. ६६व्या मिनिटाला गिजिया उजव्या बगलेने ब्राझीलच्या बचावातल्या बिगोदेला मागे टाकून आत शिरला, चेंडू मधे दिला आणि स्कियाफिनोने गोल केला. १-१.

आणि मग ७९वं मिनिट. तीच बगल, तोच बिगोदे मागे पडलेला, तोच गिजिया. ही चित्रफीत मी किती वेळा थांबवून पाहिली असेन ते सांगता येणार नाही. बार्बोसा जवळच्या खांबापासून एक पाऊल पुढे सरकतो, कारण मागच्या वेळी चेंडू मधे गेला होता आणि मधे स्कियाफिनो पुन्हा धावत येतोय. कुठल्याही जाणत्या गोलरक्षकाने टाकलं असतं असंच ते पाऊल. त्या एका पावलाने खांब आणि बार्बोसा यांच्यामध्ये जी फट पडली तिच्यातून गिजियाने चेंडू खाली, जमिनीलगत मारला. बार्बोसा मागे झेप घेतो, पण चेंडू आत.

तो त्या वेळचा ब्राझीलचा सर्वांत चांगला गोलरक्षक. त्यानंतर देशासाठी जेमतेम एकदा खेळला. दोष आला तो त्याच्यावर, बिगोदेवर आणि दुसरा बचावपटू जुवेनालवर. तिघेही काळे, आणि हा योगायोग नव्हता. "काळा गोलरक्षक भरवशाचा नाही" हे इतकं मुरलं की विश्वचषकात ब्राझीलचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक म्हणून पुन्हा काळा माणूस उभा राहायला २००६ साल आणि दिदा यावा लागला. १९९३ साली बार्बोसा राष्ट्रीय संघाच्या सरावाला भेटायला गेला तेव्हा त्याला आत येऊ दिलं नाही, अपशकुन नको म्हणून. म्हातारपणी तो म्हणाला होता की ब्राझीलमध्ये जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, मी पन्नास वर्षं भोगतोय. एप्रिल २०००मध्ये गेला.

मारिओ फिल्योंनी १९४७ साली ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या काळ्या खेळाडूवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ज्या माणसाने हा अन्याय मांडला, त्यानेच मागून घेतलेल्या मैदानात तो इतक्या उघडपणे पुन्हा घडावा, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा_अर्ध

रेषेवरची, वाचून गलबलून आलं. ब्राझीलचा पिवळा सदराही याच सामन्यातून आला ना? तेव्हा पांढरा घालत असत असं ऐकलंय.

रेषेवरची

हो. निळ्या कॉलरचा पांढरा सदरा होता. पुढे 'कोरेयो दा मान्या' या वर्तमानपत्राने स्पर्धा घेतली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत. उरुग्वेच्या सीमेजवळ राहणाऱ्या आल्दिर श्ली या तरुणाची कल्पना निवडली गेली. पिवळा सदरा, हिरवी किनार, निळी चड्डी, पांढरे मोजे. तो मोठेपणी लेखक झाला आणि मनाने उरुग्वेच्या संघाचा चाहता होता.

वास्तुवेडा

मी इमारतीकडून बोलतो.

दोन लाख माणसं मावली कशी हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वरचा मोठा मजला म्हणजे नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या होत्या. खुर्ची नाही, पाठ नाही, क्रमांक नाही. माणसं सरकत गेली की जागा होत गेली. त्याखाली खुर्च्यांचं वर्तुळ, आणि सगळ्यांत खाली जेराल. पूर्ण इमारत लंबगोल, लांबीला सुमारे ३१७ मीटर, रुंदीला २७९, उंची ३२. मैदानाच्या मध्यबिंदूपासून सर्वांत लांबचा प्रेक्षक १२६ मीटरवर. कोपरे नसल्यामुळे आवाज चारी बाजूंनी फिरून मधे येतो, आणि तिथे खेळलेल्यांच्या आठवणींत हा आवाज वारंवार येतो.

पण माझ्या जिवाला लागलेली गोष्ट म्हणजे छज्जा. वरच्या मजल्यावर सुमारे तीस मीटर बाहेर झेपावणारा काँक्रीटचा छज्जा होता, पुढच्या टोकाला एकही खांब नाही. खांब नाही म्हणजे कुठूनही पाहा, नजरेआड काही येत नाही. १९४८ ते ५० या काळात, एवढ्या घाईत असं काम उभं करणं सोपं नव्हतं. हे एका मोठ्या नावाच्या वास्तुकाराचं कामही नव्हे, कित्येक वास्तुकारांनी मिळून केलेलं. ओस्कार नीमायर यांनीही एक आराखडा दिला होता, तो घेतला गेला नाही.

२००० साली मैदान राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलं गेलं. आणि तरीही २०१४च्या विश्वचषकासाठी सप्टेंबर २०१०मध्ये मैदान बंद करून तो छज्जा पाडला. काँक्रीट खंगलंय, दुरुस्ती होण्यासारखी नाही, असं कारण दिलं गेलं. वारसा सांभाळणाऱ्या संस्थेतच त्यावरून दोन तट पडले. आता तिथे दोरखंडांवर ताणलेलं पांढरं पडद्याचं छत आहे, आत ६८ मीटर येणारं, जवळजवळ सगळ्या खुर्च्यांवर सावली धरणारं. अभियांत्रिकी म्हणून उत्तम काम आहे, यात मला शंका नाही. आतली दोन वेगळी वर्तुळंही काढून टाकून एकच सलग उतरता कटोरा केला. खर्च एक अब्ज रियालच्या वर गेला. आजची आसनसंख्या ७८,८३८.

पायरीवरचा, तुमचं जेराल २००५ला गेलं, आणि २०१०नंतर त्याच्या वरचं सगळंच गेलं. बाहेरचं वर्तुळ तेवढं राहिलं.

लांबपल्ला

मी या धाग्यात थोडा विरोधी सूर लावणार आहे, पण मनापासून.

जेराल म्हणजे गरिबांची हक्काची जागा, हे मान्य. पण ती जागा होती कशी? सगळ्यांत वाईट दृश्य, उघड्यावर भिजणं, वरच्या मजल्यावरून डोक्यावर पडणाऱ्या पेल्यांचा मारा, आणि त्या पेल्यांत काय असे ते न सांगितलेलं बरं. बाईमाणसाने, लहान पोरांनी तिथे किती जावं? "सगळ्यांसाठीची जागा" मुख्यतः अंगाने धडधाकट पुरुषांची होती. गरिबाला स्वस्त तिकीट मिळालं पाहिजे हा माझाही आग्रह आहे, पण स्वस्त तिकीट म्हणजे वाईट जागा असंच का धरून चालायचं?

दुसरं म्हणजे सुरक्षितता. १९ जुलै १९९२. फ्लामेंगो विरुद्ध बोताफोगो, राष्ट्रीय विजेतेपदाचा दुसरा सामना. खेळ सुरू होण्याआधी गर्दीच्या दाबाने कठडा तुटला आणि माणसं खाली कोसळली. तिघे दगावले, ऐंशीच्या वर जखमी झाले. आणि तरी सामना खेळवला! ज्या इमारतीत हे घडतं, तिथे उभ्याने कोंबून माणसं भरणं बंद झालं याचं मला दुःख करता येत नाही.

पायरीवरचा

लांबपल्ला, तुमचं पहिलं म्हणणं मी मान्य करतो. मी जेरालचं चित्र रंगवताना भिजणारी माणसं सांगितली, पण तिथे येऊच न शकणारी सांगितली नाहीत. ती चूक आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र थांबतो. १९९२ला कठडा तुटला तो जेरालचा नव्हता. वरच्या मजल्यावरचा, पायऱ्यांच्या समोरचा होता, आणि माणसं पडली ती खालच्या खुर्च्यांवर. म्हणजे दोष उभं राहण्याचा नव्हता, चाळीस वर्षं जुन्या झालेल्या कठड्याची देखभाल न करण्याचा आणि मर्यादेपेक्षा जास्त तिकिटं सोडण्याचा होता. पण त्याची शिक्षा पुढे झाली ती खालच्यांना. दुर्घटनेनंतर वरच्यांची व्यवस्था सुधारली, २००० सालच्या क्लब विश्वचषकाआधी तिथे खुर्च्या आल्या, आसनसंख्या एक लाखाच्या आसपास आली. हे योग्यच झालं. जेरालही सुधारता आलं असतं. पातळी उचलून, दाब अडवणारे आडवे दांडे लावून, संख्या बांधून, तिकीट तेवढंच ठेवून. जर्मनीतल्या मोठ्या मैदानांवर आजही सुरक्षित उभ्याच्या जागा आहेत. रिओत सुधारणेचा मार्ग घेतला नाही, जागाच पुसली.

आणि खुर्च्यांबरोबर तिकीट चढलं. तुम्ही म्हणता तसं "चांगली जागा, स्वस्त तिकीट" झालं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

निळी_छत्री

वाद चालू द्या, मी मधे थोडी गर्दीची आणि आनंदाची भर घालते, नाहीतर नवीन वाचणाऱ्याला वाटेल की माराकाना म्हणजे सगळं दुःखच.

गर्दीचा उच्चांक क्लबांच्या सामन्यांतलाही पाहा. १५ डिसेंबर १९६३, फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से, म्हणजे 'फ्ला-फ्लू'. (हे जोडनाव लोकप्रिय करणारेही मारिओ फिल्योच.) पैसे भरून आलेले १,७७,६५६, हजर १,९४,६०३. गोल एकही नाही, ०-०, आणि त्या बरोबरीवर फ्लामेंगो रिओचा विजेता. एकाच शहरातले दोन क्लब, एका शहराची स्पर्धा, आणि जवळजवळ दोन लाख माणसं! १९६९च्या ऑगस्टमध्ये ब्राझील-पॅराग्वे या विश्वचषक पात्रतेच्या सामन्याला १,८३,३४१ तिकिटं गेली.

पेलेचं तर हे दुसरं घर. देशासाठी पहिला सामना इथेच, ७ जुलै १९५७, अर्जेंटिनाविरुद्ध. सामना १-२ हरले, पण ब्राझीलचा गोल सोळा वर्षांच्या पेलेचा. १९६१च्या मार्चमध्ये फ्लुमिनेन्सेविरुद्ध त्याने स्वतःच्या अर्धातून निघून एकामागून एक खेळाडू चकवत असा गोल केला की त्याच्या नावाची पाटी मैदानात लावली. आजही ब्राझीलमध्ये अप्रतिम गोलाला 'पाटीचा गोल' म्हणतात.

आणि १९ नोव्हेंबर १९६९. सान्तोस विरुद्ध वास्को द गामा. पेलेच्या नावावर ९९९ गोल. सामन्याच्या शेवटाकडे पेनल्टी मिळाली. वास्कोचा गोलरक्षक अर्जेंटिनाचा आन्द्रादा, त्याला हजारावा गोल खाणारा म्हणून इतिहासात जायचं नव्हतं. तो बरोबर दिशेला झेपावला, पण चेंडू त्याला चुकवून आत गेला, आणि तो तसाच पडल्या पडल्या मुठीने जमीन बडवत राहिला. तोवर पेले चेंडू उचलायला जाळ्यात पोचला होता आणि छायाचित्रकारांचा लोंढा मैदानात घुसला होता. वास्कोच्या चाहत्यांनीही टाळ्या वाजवल्या. पेले त्या गर्दीत मुलांना विसरू नका असं सांगत रडत होता. मला तो जमीन बडवणारा आन्द्रादा नेहमी आठवतो. याच मैदानात, गोलरेषेवर, १९ वर्षांपूर्वी बार्बोसा होता.

दुसरा_अर्ध

मग मैदानाचं नाव पेलेचं नाही का?

निळी_छत्री

अधिकृत नाव 'एस्तादिओ जोर्नालिस्ता मारिओ फिल्यो', म्हणजे पत्रकार मारिओ फिल्यो मैदान. ते १९६६ साली वारले तेव्हा दिलं. २०२१च्या मार्चमध्ये राज्याच्या विधानसभेने पेलेचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला होता, पेले तेव्हा हयात होता. लोकांनी आणि पत्रकारांनी विरोध केला आणि राज्यपालांनी तो ठराव नाकारला. पेलेवर माझं जिवापाड प्रेम आहे, तरी मला तो नकार बरोबर वाटतो.

लांबपल्ला

पायरीवरचा, कठड्याबद्दलची दुरुस्ती मान्य. वरचा मजला होता, मी नीट सांगायला हवं होतं.

पण तुमच्या "सर्वांत मोठी हार २००५" या वाक्याला मी आता दुसऱ्या बाजूने हात घालतो. मला वाटतं ती २०१३ची आहे. मैदानाला लागूनच एक जुना वाडा आहे, एकोणिसाव्या शतकातला. तिथे १९५३ साली मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेरो यांनी आदिवासींचं संग्रहालय सुरू केलं. १९७८ला ते दुसरीकडे हललं आणि वाडा ओस पडला. २००६पासून वेगवेगळ्या जमातींची आदिवासी माणसं तिथे राहायला आली आणि त्या जागेला 'माराकाना गाव' म्हणू लागली. विश्वचषकासाठी परिसर मोकळा करायचा म्हणून वाडा पाडायचं ठरलं. मार्च २०१३मध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडून त्यांना बाहेर काढलं. खूप ओरड झाल्यावर वाडा पाडणं रद्द झालं. शेजारची सरकारी शाळाही पाडायच्या यादीत होती, पालकांनी आणि मुलांनी लढून ती वाचवली. शाळेचं नाव फ्रीदेनराइश, ब्राझीलच्या फुटबॉलच्या पहिल्या मोठ्या ताऱ्याचं.

ज्या मैदानाचं नावच तुपी भाषेतलं, त्याच्या दारातून आदिवासींना हुसकावलं. याची बोच मला जेरालपेक्षा जास्त आहे.

पायरीवरचा

हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. का लिहिलं नाही याचा विचार करतोय. बहुधा मी मैदानाच्या आतच पाहत राहिलो.

त्याच वर्षीच्या ३० जूनला कॉन्फेडरेशन्स चषकाचा अंतिम सामना. आत ब्राझीलने स्पेनला ३-० हरवलं, बाहेर निदर्शकांवर अश्रुधूर. लासेर्दा १९४७-४८ला जे म्हणत होते, दवाखाने आणि शाळा आधी, त्याच अर्थाच्या घोषणा रस्त्यावर होत्या. लासेर्दा त्या वेळी हरले होते, पुढे १९६०ला ग्वानाबारा राज्याचे, म्हणजे तेव्हाच्या रिओ शहराच्या राज्याचे, पहिले निवडून आलेले राज्यपाल झाले आणि ज्या मैदानाला विरोध केला तेच त्यांच्या राज्याचं झालं. मी इतकी वर्षं त्यांना गोष्टीतला खलनायक धरत आलो. आता तेवढं सरळ वाटत नाही. मैदान मारिओ फिल्यो म्हणाले तसं सगळ्यांचं राहिलं तरच लासेर्दांच्या प्रश्नाला उत्तर होतं. जेराल हे ते उत्तर होतं. ते काढलं आणि प्रश्न पुन्हा तसाच उभा राहिला.

रेषेवरची

हे पटलं.

आणि २०१४ला ब्राझील माराकानावर एकही सामना खेळला नाही, हे किती जणांच्या लक्षात आहे? त्यांच्या वाटेत ते मैदान फक्त अंतिम सामन्याला येणार होतं. त्याआधीच बेलो होरिझोंतेला जर्मनीने ७-१ केलं. १३ जुलैला माराकानावर जर्मनी आणि अर्जेंटिना खेळले, ११३व्या मिनिटाला ग्योट्झेचा गोल, संपलं. देशाने एवढा खर्च करून नवं केलेलं मैदान स्वतःच्याच संघाला त्या स्पर्धेत मिळालं नाही.

मिळालं ते २०१६च्या ऑलिम्पिकमध्ये, २० ऑगस्टला. पुन्हा जर्मनी. १-१, मग पेनल्टी, शेवटची नेमारची. ब्राझीलचं पुरुष फुटबॉलमधलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. आणि त्यानंतर काही महिन्यांतच, २०१७च्या सुरुवातीला, कोण चालवणार यावरून भांडण लागून मैदान वाऱ्यावर. हिरवळ वाळून तपकिरी, खुर्च्या उखडलेल्या, बिल थकलं म्हणून वीज तोडलेली. ती छायाचित्रं मी त्या वेळी पाहिली तेव्हा विश्वास बसेना.

दुसरा_अर्ध

सगळं वाचून एकच विचारायचंय. आज कुणी तिथे गेलं तर १९५०चं काही पाहायला मिळतं का? की सगळंच नवं?

वास्तुवेडा

मिळतं. आतलं जवळपास सगळं गेलं, पण बाहेरचं काँक्रीटचं वर्तुळ, त्याचे उभे खांब आणि वर चढणारे मोठे उतार जुने आहेत. लंबगोलाच्या दोन बाजूंना दोन उतार. जिने न ठेवता उतार ठेवले, कारण दोन लाखांचा लोंढा सामना संपल्यावर कुठेही न थबकता खाली आला पाहिजे. १६ जुलैच्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची माणसं त्यांवरूनच बाहेर पडली.

मुख्य दारासमोर बेलिनीचा पुतळा आहे, १९५८चा कप्तान, हातात चषक उंच धरलेला. तो १९६०ला उभारला. सामन्याच्या दिवशी रिओतली माणसं एकमेकांना अजूनही तिथेच भेटायला बोलावतात.

पायरीवरचा

त्या उतारांचं मला ठाऊक नव्हतं, वास्तुवेडा. आता जुन्या चित्रफितीत ते शोधतो. सामना संपल्यानंतरचे काही क्षण एका फितीत आहेत. जेरालमधली माणसं हललेलीच नाहीत, आणि मागे वरच्या पायऱ्या हळूहळू मोकळ्या होताना दिसतात.